डोळे येऊ नयेत म्हणून

माझं लग्न झालं आणि त्याच वर्षी अख्ख्या घाटकोपरचे डोळे आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मी तेव्हा सांगून सांगून दमले. तरी आमच्या चाळीतल्या एका आजींनी नळावर चारचौघींत "नव्या सुनेचा पायगुण, दुसरं काय!" असं म्हटलंच. मी बादली खाली ठेवली आणि विचारलं, "आजी, पाय माझे, डोळे तुमचे, मग संबंध आला कुठून?" तेव्हापासून चाळीत मला तोंडाळ म्हणायला लागले. ते अजून म्हणतात.

साथ जोरात होती. सकाळी उठावं तर पापण्या चिकटलेल्या, उघडाव्यात तर आत तिखट गेल्यासारखी आग, आणि आरशात बघावं तर लालभडक. कोणी गुलाबपाणी घालत होतं, कोणी बाळंतिणीचं दूध मागत फिरत होतं. दवाखान्यातला डॉक्टर घसा फोडून सांगायचा, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. आता सात माणसांत दोन टॉवेल असलेल्या घरानं हे ऐकून करायचं काय? त्यापेक्षा लोकांचं शास्त्र सोपं होतं. ज्याचे डोळे आलेत त्याच्या डोळ्यांत बघितलं की आपले येतात. न बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळ्यांनी तेच धरलं.

मग काय, सगळे काळ्या चष्म्यात. भाजीवाली काळ्या चष्म्यात, पोस्टमन काळ्या चष्म्यात. खालच्या मजल्यावर सत्यनारायण झाला तेव्हा यजमान आणि भटजी दोघंही चष्मा लावून समोरासमोर बसले होते, आणि पळीतलं निम्मं पाणी ताम्हनाबाहेर पडत होतं. ज्यांना चष्मा परवडत नव्हता ते जमिनीकडे बघून बोलायचे. वाण्याकडे गेलं की वाणी वजनाशी बोलायचा आणि आपण डाळीशी.

आमच्या घरात मात्र हसायची सोय नव्हती. सासरे गिरणीतले. संप झाला, गिरणी बसली, आणि तेव्हापासून ते गॅलरीत स्टूल टाकून बसले ते बसलेच. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टेम्पोवर क्लीनरगिरी करत ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं होतं. मरोळच्या एका कारखान्यात कामगारांना ने-आण करणाऱ्या बसवर ड्रायव्हर हवा होता. पक्की नोकरी. मुलाखत झाली, गाडी चालवून दाखवून झाली, राहिली होती फक्त डोळ्यांची तपासणी. आणि तिची तारीख पडली नेमकी साथीत! त्या दिवशी डोळे लाल दिसले तर पुढच्या माणसाचा नंबर लागणार होता, आणि पुढचा माणूस टपूनच बसला होता.

पक्की नोकरी म्हणजे पक्का पगार, आणि पक्का पगार म्हणजे नाहूरला भाड्याची एक खोली, असं आमचं दोघांचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तसं कुजबुजून ठरलं होतं. एका खोलीत सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही दोघं. आमच्या वाट्याला कपाट आणि भिंत यांच्यामधली जागा, पुढे जुन्या साडीचा पडदा. लग्न होऊन इतके महिने झाले तरी मी नवऱ्याकडे उजेडात धड बघितलंसुद्धा नव्हतं. मोठ्यांच्या देखत सुनेनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं आमच्यात बरं दिसत नाही, आणि आमच्याकडे मोठे कायम देखतच असायचे. ह्यांच्या उजव्या गालावर तीळ आहे की डाव्या, हे मला कोणी एकदम विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. म्हणून सांगते, त्या दोन डोळ्यांवर सासूबाईंचा जेवढा जीव होता त्याहून माझा जास्त होता. मला ती खोली हवी होती.

सासूबाई मालवणकडच्या. मुंबईत येऊन तीस वर्षं झाली तरी भाषा तिकडचीच. त्यांनी फर्मान काढलं, "झिला, आजपासून कोणाच्या डोळ्यांत बघू नको. डोळे इले की नोकरी गेली." डोळ्यांत तेल घालून जपणं म्हणतात ना, तसं त्यांनी जपायला घेतलं. पहिल्याच दिवशी ह्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला.

एका धडधाकट माणसाचे डोळे चांगले राहावेत म्हणून त्याला आंधळं करून ठेवलं होतं. मी हाताला धरून संडासापर्यंत नेत होते, आणि रांगेतले लोक पटापट बाजूला होऊन वाट देत होते. "अरेरे, याचे तर फारच आलेत," असं म्हणत होते. "आले नाहीत हो, येऊ नयेत म्हणून!" मी ओरडले तर कोणी ऐकेना. दुसऱ्या दिवशी हे जिन्यावरून दोन पायऱ्या घसरले आणि कपाळावर टेंगूळ आलं. तिसऱ्या दिवशी धाकट्या दिराचे डोळे आले.

मग घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. दिराला गॅलरीत काढलं, ह्यांना कपाटामागे कोंबलं, मध्ये सासूबाई दोन्ही हात पसरून उभ्या. शेवटी स्टुलावरून सासरे बोलले. ते क्वचितच बोलायचे. म्हणाले, "मुलुंडाक केबिन आसा."

सासऱ्यांचा एक गाववाला मुलुंडला, वस्ती संपून डोंगराचं जंगल सुरू होतं तिथे, एका शेठच्या जागेवर रखवालदार होता. शेठनं तिथे झाडीत लाकडाची केबिन बांधली होती, निसर्ग बघायला म्हणून. शेठला निसर्ग बघायला वेळ कधी झालाच नाही. रखवालदाराचे डोळे येऊन तो गावी पळाला होता आणि जाताना किल्ली सासऱ्यांकडे देऊन गेला होता. सासूबाईंना केबिन म्हणजे ट्रकच्या ड्रायव्हरची एवढीच माहिती. "केबिनीत ऱ्हवतले? निजतले खय, क्लीनरच्या सीटवर?" त्यांना समजावण्यात एक दुपार गेली.

शेवटी ठरलं की तपासणीपर्यंत ह्यांनी तिथे राहायचं आणि जेवण करायला मी जायचं. आम्ही दोघंच! मी चेहरा पाडून "बरं आई" म्हटलं, आणि मोरीत जाऊन तोंडावर पदर धरून हसले. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शेजारणी लोणावळ्याला, माथेरानला जाऊन आल्याच्या गप्पा मारायच्या. आम्हाला साथीनं का होईना, जंगल दाखवलं. मी पिशवीत तांदूळ, डाळ, सुके बोंबील भरले, आणि तळाशी लग्नातली हिरवी साडी.

निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "गो, तू नळार जातंस, वाण्याकडे जातंस. तुज्या डोळ्यांत काय आसा ता देवाक ठावूक. त्येच्या डोळ्यांत बघू नको हां." मी मान डोलवली. म्हटलं, जंगलात कोण बघायला येतंय!

केबिन बाकी झकास होती. शेठच्या कारखान्यात परदेशातून यंत्रं आली होती, त्यांच्या खोक्यांच्या फळ्यांची बांधलेली. भिंतींवर इंग्रजी अक्षरं तशीच होती. 'ही बाजू वर' असं लिहून काढलेला मोठा बाण जमिनीकडे बघत होता. दारावर 'काच आहे, सांभाळा'. आत एक बाज, एक शेगडी, कोपऱ्यात माठ. बाहेर साग, करवंदाच्या जाळ्या, आणि माणूस म्हणून औषधालासुद्धा नाही. मी दार लावून घेतलं, पंचा सोडायला पुढे झाले, तर हे एकदम मागे सरकले.

"नको गं," हे म्हणाले. "आई काय म्हणाली?"

"आई घाटकोपरला आहेत."

"ते ठीक आहे. पण तुझे येणार असतील आणि अजून आले नसतील तर? नोकरीचा प्रश्न आहे. राहिलेत किती दिवस? नंतर बघ ना, हवं तेवढं बघ."

असा राग आला मला! उचलून माठ घालावा डोक्यात असं वाटलं. पण नोकरी म्हणजे खोली, आणि खोली मलाच हवी होती. म्हणजे रागावायचं तरी कोणावर? मग आम्ही तोडगा काढला. पंचा काढायचा, पण एकमेकांकडे पाठ करायची. हे पश्चिमेकडे तोंड करून बसायचे, मी पूर्वेकडे. जेवण वाढायचं झालं की मी "डोळे मीट" म्हणायची, अहो-जाहो कधीच सुटलं होतं, आणि हे डोळे मिटून भात चिवडायचे. हिरवी साडी मी नेसले. ह्यांनी पाठमोरंच विचारलं, "कोणती नेसलीस?" मी म्हटलं, "हिरवी." "छान दिसत असेल," हे म्हणाले, एका सागाला.

आणि गंमत अशी की आम्ही कुजबुजत होतो. आजूबाजूला चिटपाखरू नाही, बोंब मारली तरी ऐकणारं कोणी नाही, आणि आम्ही कानात बोलल्यासारखे बोलत होतो. सवयच ती. लग्न झाल्यापासून ह्यांचा मोठा आवाज मी ऐकला होता तो फक्त दिरांवर ओरडतानाचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी मला नाहूरच्या खोलीत ओटा कुठे हवा असं चक्क मोठ्यानं विचारलं, आणि दोघंही दचकलो. मग सुरू झालं. मी पूर्वेकडे तोंड करून ओटा सांगत होते, हे पश्चिमेकडे तोंड करून मोरी सांगत होते. मोरीवरून आमचं भांडण झालं. तोंड न बघता भांडायला फार बरं वाटतं, राग लवकर जातो. त्या दोन दिवसांत मला कळलं की माझा नवरा चांगला बोलका आहे, त्याला कारलं आवडत नाही पण आईला वाईट वाटेल म्हणून लहानपणापासून खातो, आणि त्याला बसची भीती वाटते. बस चालवायची नाही, त्यात बसलेल्या पन्नास माणसांची. "मागे एवढी माणसं आपल्या भरवशावर झोपणार गं," हे म्हणाले. तेव्हा मला मागे वळून बघावंसं फार वाटलं. मी नाही बघितलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या.

त्या एकट्या आल्या असत्या तरी मी काही म्हटलं नसतं. पण सासरे आले, नणंद आली, मोठा दीर आला, वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब "हवापालट होईल" म्हणून डबे घेऊन आलं, आणि त्यांच्यामागून नळावरच्या आजी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच. मी हिरवी साडी बदलायला आत पळाले. बाहेर सासूबाईंनी सगळ्यांना शिस्त लावली. "त्येच्याकडे कोणी बघू नकात! पाठ करा, पाठ करा!"

तर ते दृश्य असं होतं. केबिनच्या दारात माझा नवरा, आणि समोर गवतात दहा-बारा माणसं ओळीनं त्याच्याकडे पाठ करून बसलेली. सगळे झाडांशी बोलतायत. "कसा आहेस रे?" एक करवंदाच्या जाळीला विचारतोय. "बरा आहे काका," हे दारातून सांगतायत. सासूबाई पाठमोऱ्याच कोळंबीचं कालवण मागच्या मागे सरकवतायत. आजी मान वळवायला लागल्या की सासूबाई त्यांची मान हातानं सरळ करायच्या. तेवढ्यात माकडं आली. लाल तोंडाची, मिचमिच्या डोळ्यांची. सासूबाईंनी एकदा बघितलं आणि किंचाळल्या, "मेल्या माकडांचे पण डोळे इले! झिला, माकडाकडे बघू नको!"

म्हणजे आता माकडांकडेही पाठ करायची. पण माकडं झाडांवर चहूकडे होती. ह्यांनी निमूटपणे पंचा घेऊन परत डोळ्यांना बांधला.

जाताना प्रत्येकजण, जंगलाकडे बघतच, म्हणून गेला, "डोळे मात्र एकदम क्लीन आहेत हां ह्याचे." न बघता लोकांना कसं कळलं, देव जाणे. पण सासूबाईंच्या मनात ते शब्द रुतले. एवढ्या लोकांनी डोळ्यांचं कौतुक केलं म्हणजे दृष्ट लागणारच. आणि तीही डोळ्यांनाच!

तपासणीच्या दिवशी उजाडताउजाडता सासू-सासरे केबिनवर हजर. बरोबर नारळ, मीठ, मोहऱ्या आणि पिशवीभर सुक्या मिरच्या. आधी सासऱ्यांनी दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. "बा देवा म्हाराजा, आज ह्या झिलाच्या डोळ्यांची परीक्षा आसा म्हाराजा! त्येच्या डोळ्यांक शेजाऱ्यांची, पाजाऱ्यांची, माकडांची, जी काय नजर लागली आसात ती खयच्या खय उडवून लाव रे म्हाराजा!" आम्ही तिघांनी हात जोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" झाडावरची माकडं खाली उतरली आणि नारळाकडे बघायला लागली. म्हणून सासूबाईंनी सगळ्यांना आत घेऊन दार लावलं. खिडकीही लावली. इथे वाट लागली.

दृष्ट काढल्यावर मिरच्या-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकतात. तिखट धुराची खाट उठली, ठसका लागला, तर दृष्ट नव्हती. खाट उठली नाही तर समजायचं, जबरदस्त लागली होती. हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. सासूबाईंनी ह्यांच्यावरून मूठ तीनदा उतरवली आणि शेगडीत टाकली. आम्ही श्वास रोखून उभे. काही नाही. साधी शिंकसुद्धा नाही.

"बघलंस?" सासूबाई डोळे विस्फारून म्हणाल्या. "केवढी ती दिष्ट! खाटच नाय!"

दुसरी मूठ टाकली. नाही. तिसरी टाकली. नाही. सासऱ्यांनी घाम पुसला. सासूबाईंनी पिशवीच उपडी केली. मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की आई, पावसाळा नुकता सरलाय, मिरच्या सादळल्यात, अहो त्या ओल्या आहेत! पण सुनेला कोण विचारतं? आणि खरं सांगू, मलाही क्षणभर वाटलंच की दृष्ट मोठी आहे. मीसुद्धा दोन मिरच्या टाकल्या.

निखाऱ्यावर त्या सगळ्या हळूहळू वाळल्या, आणि मग एकदम पेटल्या.

ती खाट मी जन्मात विसरणार नाही. चौघं एकाच वेळी खोकायला लागलो, एकाच वेळी दाराकडे धावलो आणि दाराशी अडकलो. कडी सापडेना. सासरे भिंतीवर कडी चाचपडत होते. शेवटी ह्यांनी खांद्यानं दार उघडलं आणि आम्ही बाहेर गवतात पडलो. माकडं केकाटत डोंगरावर पळाली. सासूबाई खोकत खोकतच म्हणत होत्या, "गेली! दिष्ट गेली!" मी डोळे पुसून ह्यांच्याकडे वळले, आणि लगेच तोंड फिरवलं. इतक्या दिवसांचा नेम. पण तेवढ्यात दिसायचं ते दिसलं. ह्यांचे डोळे अख्ख्या घाटकोपरात कोणाचे नसतील इतके लाल होते.

"आई," हे म्हणाले, "काय केलंस हे?"

एवढंच. ओरडले नाहीत. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्या गवतात बसून दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागल्या तेव्हा मला रडूच आलं. रडत होतो सगळेच, मिरचीनं की कशानं ते सांगता येत नव्हतं. माठातलं सगळं पाणी ह्यांच्या डोळ्यांवर मारलं. लाली काही हलेना. वेळ झाली होती. चौघं तसेच निघालो.

मरोळच्या त्या कारखान्यात तपासणीच्या खोलीबाहेर बाक होतं. शिपायानं आम्हाला बघितलं आणि बाक सोडून उठला. आत डॉक्टर काळा चष्मा लावून बसले होते. ह्यांच्याकडे टेबलापलीकडूनच बघून म्हणाले, "डोळे आलेत. जा. पुढचा."

नाहूरची खोली, ओटा, मोरी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी तोंड उघडणार एवढ्यात सासूबाई मला ढकलून आत घुसल्या. "साहेब, ह्ये डोळे साथीचे नाय! माज्या मिरच्यांचे आसत! ह्ये बघा माजे, ह्ये बघा ह्यांचे, ह्ये बघा सुनेचे!" आम्ही तिघं रांगेत उभे राहून लाल डोळे फाडून डॉक्टरांकडे बघत होतो. डॉक्टर खुर्चीसकट मागे भिंतीला जाऊन लागले. "बाहेर! सगळे बाहेर!" सासूबाईंनी पुरावा म्हणून पदराच्या गाठीत राहिलेल्या मिरच्या काढून टेबलावर झटकल्या. मिरचीचं बी उडालं. डॉक्टरांना अशा काही शिंका सुरू झाल्या की पाचव्या शिंकेला त्यांचा चष्मा खाली पडला.

डॉक्टरांचे डोळे आले होते! आमच्या मिरचीवाल्यांपेक्षा लाल, सुजलेले, कडांना चिकट.

आम्ही चौघांनी गर्रकन त्यांच्याकडे पाठ केली. सवयच लागली होती.

"अहो, मी काय करू?" मागून डॉक्टर म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "सुट्टी देत नाहीत." मग त्यांनी नाक पुसलं आणि जरा शांतपणे म्हणाले, "मिरचीची लाली असेल तर दुपारपर्यंत उतरेल. साथीची असेल तर उतरणार नाही. बाकावर बसा. सगळ्यांत शेवटी बघतो."

आम्ही बसलो. सासूबाई पदरानं ह्यांना वारा घालत होत्या, सासरे तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं म्हणत होते, आणि मी दर थोड्या वेळानं शिपायाला विचारत होते, "उतरली का हो?" कारण आमच्यापैकी कोणी बघायचं नव्हतं. शिपाई आधी वैतागला, मग त्यालाच नाद लागला. "उजवा उतरला," असं स्वतःहून येऊन सांगून जायचा. "डाव्यात जरा आहे." दुपार कलली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही क्लीन." मी त्याच्या पाया पडायची बाकी होते.

आत डॉक्टर बॅटरी घेऊन ह्यांच्या तोंडाशी वाकले. ह्यांनी डोळे गच्च मिटले.

"उघडा!"

"साहेब, तुम्ही आधी चष्मा लावा."

"चष्म्यातून मला दिसत नाही!"

"मग मी बघणार नाही."

"अहो, डोळे तपासायला आलात ना तुम्ही?"

दारातून मी ओरडले, "उघड रे! खोली हवी ना? उघड डोळे!" अख्ख्या बाकासमोर, सासूसासऱ्यांच्या देखत मी नवऱ्याला अरे-तुरे केलं. ह्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी बोटानं पापणी वर केली, तेच बोट दुसऱ्या पापणीला लावलं, मग पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. हे शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचत गेले. पास! पहिल्या तारखेपासून कामावर या, म्हणाले. सासूबाईंनी डॉक्टरांना दोन्ही हात जोडले, खाली जमिनीकडे बघून.

नाहूरची खोली मिळायला पुढे वर्ष-दीड वर्ष गेलंच. पण ते चालायचंच. दोन दिवसांनी चाळीतल्या आमच्या खोलीत सकाळी ह्यांचे डोळे उघडेनात. डॉक्टरांनी नोकरीही दिली होती आणि साथही. मग एकेक करून घरात सगळ्यांचे आले. आधी नणंदेचे, मग मोठ्या दिराचे, मग एकाच सकाळी सासू-सासऱ्यांचे. धाकट्याचे अजून बरे व्हायचेच होते. पहिली तारीख लांब होती, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं. फक्त मी तेवढी राहिले होते.

त्या सकाळी सहाही जण ओळीनं भिंतीला टेकून बसले होते, पापण्या चिकटलेल्या. मी कोमट पाण्याची वाटी आणि कापूस घेऊन एकेकाचे डोळे सोडवत होते. पहिले ह्यांचे घेतले. भरदुपारचा असावा तसा उजेड खिडकीतून थेट ह्यांच्या तोंडावर पडला होता. तीळ डाव्या गालावर होता. ओला कापूस फिरवला, पापण्या हळूच सुटल्या, आणि लाल लाल, सुजलेले, पाणी गळणारे ते डोळे माझ्याकडे बघायला लागले.

सात माणसांची खोली, आणि आम्हाला बघणारं एकही नाही.

मला माहीत होतं बघायचं नाही ते. ह्यांनाही माहीत होतं. हे ओठांनीच "नको" म्हणाले, पण नजर काही काढली नाही. मी मांडी घालून समोर बसले आणि डोळे भरून बघितलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. इतके कुरूप डोळे मी कोणाचे बघितले नव्हते आणि मला उठवत नव्हतं.

भिंतीशी सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी मान जराशी आमच्या बाजूला वळवली.

"गो," त्या म्हणाल्या, "बघू नको त्येच्याकडे. तुजे पण येतले."

"नाही बघत, आई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माझे डोळे आले.